बिअरच्या भरडीची पिशवी: पडद्याच्या कापडातून, कमी पैशांत

भाचा मेलबर्नला असतो. तिथे आपल्यापुरती बिअर घरी करायला मुभा आहे (भट्टी लावून गाळायला नाही), आणि तो ती करतो. गेल्या चतुर्थीला डिचोलीला आला तो म्हणतच आला, "मावशी, तुझ्या मशिनीवर मला एक पिशवी शिवून दे. तिकडे तयार मिळते, पण तिच्या पैशांत इथे अख्ख्या घराचे पडदे होतील." मी तीस वर्षं ब्लाऊज, फ्रॉक आणि देवळाच्या पताका शिवल्या. पिशवी काय, अर्ध्या तासाचं काम, असं मला वाटलं. ते अर्ध्या तासाचं नव्हतं. तीन कापडं उकळून झाल्यावर आणि एक पिशवी फाटल्यावर जे कळलं ते इथे सांगते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. गोव्यात पिशवी शिवायला परवाना लागत नाही, पण मद्य तयार करायचं तर अबकारी खात्याचा लागतो. इथे राहून बिअरचा विचार करत असाल तर आधी त्या खात्याची पायरी चढा, कापडाची खरेदी मग.

पिशवीचं काम काय असतं?

बिअरसाठी जव मोड आणून वाळवलेले असतात, त्याला माल्ट म्हणतात. त्याची भरड काढायची आणि ६५ ते ६८ अंश सेल्सियसच्या पाण्यात सुमारे तासभर ठेवायची. त्या उष्णतेत धान्यातल्या पिठाची साखर होते आणि ती पाण्यात उतरते. त्या गोड पाण्याला वर्ट म्हणतात. मग चोथा काढून वर्ट उकळायचा, त्यात हॉप्स (बिअरला कडवटपणा आणणारी फुलं) घालायचे, गार करून यीस्ट सोडायचं. कारखान्यात चोथा वेगळा करायला निराळं भांडं असतं. घरी मात्र टोपातच पिशवी अंथरायची, भरड तिच्यात टाकायची आणि तासाने पिशवी उचलून निथळवायची. ऑस्ट्रेलियातल्या हौशी लोकांनीच ही पद्धत रुळवली.

आपल्या बायकांना हे काही नवीन नाही. नाचणीचं सत्त्व आपण फडक्यातूनच गाळतो. पण मी पहिल्यांदा चुकले ती नेमकी सत्त्वाच्या सवयीनेच. सत्त्वाला मलमल लागते, कारण दूध गाळून खाली यायला हवं आणि कोंड्याचा कणही यायला नको, मग त्याला अर्धा तास लागला तरी हरकत नाही. इथे पंचवीस-तीस लिटर वर्ट पाच मिनिटांत खाली उतरायला हवा आणि टरफल, भरड वर राहायला हवी. थोडं पीठ खाली उतरलं तर चालतं, ते नंतर तळाशी साक्यात बसतं. मलमलीत हाच वर्ट कोंडून बसतो, आणि तुम्ही दहा किलोचं गरम गाठोडं हातात धरून उभे.

शिवाय सुती कापड वर्ट पितं, डाग धरतं, आणि आमच्या जून-जुलैच्या हवेत दोन दिवसांत त्यावर काळे ठिपके येतात. मलमल, पंचा, धोतराचं जुनं पान या सगळ्यांचं तेच. स्वस्त आहेत, पण या कामाची नाहीत.

छिद्र किती असावं?

बाजारात तयार मिळणाऱ्या चांगल्या पिशव्यांचं छिद्र साधारण २०० ते २५० मायक्रॉनचं असतं, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास. दुकानदाराला मायक्रॉन सांगून उपयोग नाही, त्याला पन्हा आणि भाव कळतो. म्हणून मोजायचं आपणच, आणि ते सोपं आहे. स्टीलची पट्टी कापडावर ठेवा, मोबाइलने जवळून फोटो काढा, फोटो मोठा करून एका सेंटिमीटरमधले धागे मोजा. उभे मोजा, आडवेही मोजा. ३० धागे आले तर एका धाग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १० मिमी भागिले ३०, म्हणजे ०.३३ मिमी अंतर. धाग्याची स्वतःची जाडी ०.१ मिमी धरली तर छिद्र उरतं ०.२३ मिमी. अगदी हवं तेवढं. सेंटिमीटरला २५ ते ३५ धागे असले की कापड घ्यायला हरकत नाही. १५ असतील तर बरीच बारीक भरड खाली जाईल, ५० असतील तर मलमलीचीच गत.

फोटो काढायला लाजू नका. म्हापशाच्या बाजारात मी शुक्रवारी, ऐन गर्दीत, पडद्याच्या गठ्ठ्यावर वाकून धागे मोजत होते. दुकानदाराने दोनदा "कितें जाय?" विचारलं आणि मग नाद सोडला.

कुठलं कापड घ्यावं

माझं मत सरळ आहे. पांढरं, साधं, नक्षी नसलेलं पॉलिस्टर व्हॉइल घ्या. खिडकीला जो पातळ, आरपार दिसणारा पडदा लावतात तेच हे. दुकानात त्याला कोणी शीअर म्हणतं, कोणी नुसतं पडद्याचं व्हॉइल. पण व्हॉइल म्हटलं की सुतीही निघतं, म्हणून 'पॉलिस्टर' हा शब्द उच्चारूनच मागा, आणि तरी खात्री जाळून करा. ते पुढे सांगते.

पॉलिस्टर का? पाणी जवळजवळ पीत नाही. ओलं झालं तरी ताकद कमी होत नाही. साधारण २५० अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही, म्हणजे उकळत्या पाण्याला घाबरत नाही. नायलॉनही चालतं, पण ते पाणी पितं, ओलं आणि गरम असताना ताणलं की लांबतं, आणि उन्हात वाळवून वाळवून लवकर कमजोर होतं. फुकट मिळालं तर वापरा, मुद्दाम विकत घेऊ नका.

ऑर्गंझा दिसायला अगदी व्हॉइलसारखंच, आणि कटपीसच्या ढिगात हमखास सापडतं. माझी पहिली पिशवी त्याचीच होती. त्याचा कडकपणा कधी कधी खळीचा किंवा वरच्या लेपाचा असतो. असं कापड उकळलं की मऊ पडतं, आणि मग खरी भानगड दिसते. गुळगुळीत धागे एकमेकांवरून सरकतात. मी नेहमीच्या ब्लाऊजसारखी अर्ध्या सेंटिमीटरची शिवण घातली होती. पिशवीत वजन पडल्यावर टाका तुटला नाही, दोराही तुटला नाही. कापडाचे उभे धागे शिवणीतून एकेक करून निसटले, जसा सुटलेल्या खाटेचा सुंभ निसटतो, आणि टाक्यांची ओळ नुसतीच लोंबत राहिली. म्हणून कापड घेताना एक करा: दोन्ही अंगठे शेजारी ठेवून कापड दोन बाजूंना जोरात ओढा आणि उजेडात धरा. मध्ये धागे पांगून फट पडली असेल तर ते ठेवून द्या.

नेट, म्हणजे फ्रॉकच्या घेराला लावतात ती षटकोनी जाळी, नको. तिची भोकं मिलिमीटरच्या वर असतात आणि ती ताणली की आणखी मोठी होतात. जॉर्जेट आणि शिफॉन पीळदार धाग्याचे, मशिनीखाली वळवळतात, कापताना वाकडे जातात. अस्तराचं कापड फार दाट.

मच्छरदाणीबद्दल मात्र जरा दम देऊनच सांगते, कारण घरात पडलेली मच्छरदाणी हेच पहिलं सुचतं. हिवतापासाठी वाटल्या जाणाऱ्या मच्छरदाण्यांच्या धाग्यात कीटकनाशक भरलेलं असतं, आणि ते धुऊन जाऊ नये अशाच त्या बनवलेल्या असतात. त्यातून खाण्यापिण्याचं काही गाळायचं नाही, कितीही वेळा उकळली तरी नाही. साधी मच्छरदाणी असली तरी तिचं छिद्र दीड-दोन मिलिमीटरचं. डास अडतो, भरड अडत नाही.

स्क्रीन प्रिंटिंगच्या सामानाच्या दुकानात मिळणारी जाळी मात्र उत्तम. एकेरी, तारेसारखा धागा, चोथा झटकला की पडतो. व्हॉइलपेक्षा महाग पडते, आणि तिच्यात एक फसवणूक आहे: आकडा कधी इंचाला धागे सांगतो, कधी सेंटिमीटरला. इंचाला ८० असेल तर सेंटिमीटरला ३१-३२ पडतात, म्हणजे आपल्याला हवी तीच. सेंटिमीटरला ८० असेल तर ती इतकी बारीक की वर्ट खाली उतरणारच नाही. आकड्यावर जाऊ नका, पट्टी लावा.

रंगीत कापड नको, जरीचं नको. 'आग लागत नाही' म्हणून विकलेलं पडद्याचं कापडही नको, त्यावर त्यासाठीचं रसायन असू शकतं. आणि स्पष्टच सांगायचं तर पडद्याच्या कुठल्याच कापडावर 'अन्नासाठी योग्य' असा शिक्का नसतो. खळ आणि लेप आपण उकळून काढतो, त्याहून जास्त खात्री हवी असेल तर अन्नासाठीच बनवलेली तयार पिशवी घ्यावी. तिथे काटकसर करू नये.

आधी पाव मीटर

दुकानातून थेट दीड मीटर उचलू नका. पाव मीटर घ्या, किंवा कटपीसमधला तुकडा, आणि घरी तीन गोष्टी करा.

पहिली, जाळून बघा. चार धागे काढून चिमट्यात धरा, मोरीत, पाण्याचा तांब्या जवळ ठेवून. कागदासारखे जळले, करडी राख झाली, तर सुती. आक्रसून वितळले आणि गार झाल्यावर काळा, कडक मणी राहिला, तर बहुधा पॉलिस्टर. मेणबत्ती विझवल्यासारखा वास आला तर ते पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन, ते कमी उष्णतेला मऊ पडतं, बाजूला ठेवा. अर्धं वितळून अर्धी राख झाली तर मिश्र कापड, तेही नको.

दुसरी आणि खरी परीक्षा उकळण्याची. २० सेंमी बाय २० सेंमीचा चौकोन कापा, पेन्सिलीने नव्हे तर टाका घालून खूण करा, आणि स्टीलच्या टोपात वीस मिनिटं उकळा. मग पाण्याकडे बघा. दुधट झालं म्हणजे खळ होती. रंग आला तर कापड बाद. वास घ्या. पाणी बदलून पुन्हा उकळा, दुसऱ्या पाण्यालाही रसायनाचा वास असेल तर बाद. शेवटी चौकोन पुन्हा मोजा. १९ सेंमी भरला तर पाच टक्के आटलं, म्हणजे पिशवीचं सगळं कापड कापण्याआधी उकळून घ्यायलाच हवं. (मी तर आटलं नाही तरी उकळूनच घेते.) माझ्या तीनपैकी एका कापडाने दुसऱ्या पाण्यातही रॉकेलसारखा वास सोडला. ते आता अंगणात रोपांवर आहे.

तिसरी, ओतून बघा. तुकडा ओला करून चाळणीवर ताणा, त्यावर मूठभर जाडसर रवा पसरा आणि तांब्याभर पाणी एकदम ओता. भराभर उतरलं पाहिजे. वर तळं साचलं तर कापड दाट.

माप

टोपावर अंथरल्यावर पिशवी तळाला टेकली पाहिजे आणि काठावरून बाहेर दुमडली गेली पाहिजे. टोपापेक्षा लहान पिशवी घेतली की भरड तिच्यात गच्च बसते आणि मध्ये कोरडी राहते. भाच्याचा टोप ३६ सेंमी रुंद, ३२ सेंमी उंच, ३२ लिटरच्या आसपासचा. त्याचा हिशेब असा केला.

रुंदी: घेर म्हणजे ३६ गुणिले ३.१४, जवळपास ११३. त्याचं अर्धं ५६.५. सैलपणाला साडेतीन, दोन्ही बाजूंच्या शिवणीला चार. झाले ६४ सेंमी. उंची: टोपाची ३२, अर्ध्या तळाची १८, काठावरची दुमड आणि नेफा मिळून १५. झाले ६५. तळाला शिवण नको, म्हणून कापड तळाशी दुमडायचं, एकसलग १३० सेंमी लांब.

आता पन्ह्याची गंमत बघा. पडद्याचं कापड बहुधा ४८ किंवा ५४ इंची पन्ह्यात येतं. ४८ इंची म्हणजे १२२ सेंमी, त्यात १३० आडवे बसत नाहीत, १.३ मीटर घ्यावं लागतं आणि जवळपास अर्धं उरतं. ५४ इंची म्हणजे १३७ सेंमी. यात पिशवीची लांबी पन्ह्यातच बसते, आणि पाऊण मीटर घेतलं तरी वर आटायला जागा राहते. मीटरचा भाव थोडा जास्त असला तरी ५४ इंची स्वस्त पडलं. दुकानात उभ्या उभ्या हा हिशेब करा.

शिवण

दोरा पॉलिस्टरचाच. सुती दोरा आटतो, शिवणीला चुण्या पडतात, आणि ओलसर राहून कुजतो. सुई नवी, ११ नंबरची. बोथट सुई व्हॉइलचे धागे ओढते. टाका दोन ते अडीच मिलिमीटर. कापड सरकत असेल तर खाली वर्तमानपत्राची पट्टी घेऊन शिवा, मग पट्टी फाडून काढा.

बाजूच्या शिवणी दुहेरी, ज्याला आम्ही फ्रेंच शिवण म्हणतो. कापडाची सुलट बाजू बाहेर ठेवून काठापासून ७ मिमीवर पहिली शिवण, काठ छाटून ४ मिमी ठेवायचा, पिशवी उलटवायची, आणि १ सेंमीवर दुसरी. कच्चा काठ आत बंद होतो, धागे निसटायला वाट राहत नाही. ऑर्गंझाने दिलेला धडा हाच. शिवणीची उभी कड बाहेरच्या बाजूला राहील अशी पिशवी वापरायची. आत ठेवली तर तिच्या कोनात भरड अडकते आणि धुताना नखाने काढत बसावं लागतं.

तळाचे दोन कोपरे त्रिकोणी ओढून टोकापासून ८ सेंमीवर आडवी शिवण घाला, तळ टोपात पसरून बसतो. वर रुंद नेफा, त्यात जाड नाडी, ती टोपाच्या काठाखाली आवळायला.

वजन कापडावर टाकू नका, निवारीवर टाका. इंचभर रुंद पॉलिस्टरची निवार घ्या. दोन पट्टे तळाखालून अधिकच्या खुणेसारखे एकमेकांना छेदून न्या आणि वर चार फास ठेवा. साडेतीन मीटर पुरते. तळाला ती शिवू नका, शिवलं की सुईची भोकं पडतात. फक्त नेफ्याजवळ चौकोनी टाका घालून पक्की करा.

वजन किती? पाच किलो माल्टची भरड निथळल्यावरही सुमारे तेवढेच लिटर पाणी धरून ठेवते, म्हणजे दहा किलो. उचलण्याच्या क्षणी आत अडकलेला वर्ट धरून आणखी जास्त. म्हणून भाच्याच्या हाती देण्याआधी मी आठ किलो तांदूळ भिजवून पिशवीत भरले, वर पाणी ओतलं आणि मागच्या पडवीत वाशाला टांगले. शेजारीण कुंपणावरून विचारते, "एवढा चक्का? श्रीखंडाची ऑर्डर आहे काय?" रात्रभर टांगून ठेवलं. सकाळी एकही धागा सरकला नव्हता. घरात मात्र पुढचे आठ दिवस आंबोळ्या.

वापरताना

पॉलिस्टर उकळत्या पाण्याला घाबरत नाही, पण टोपाचा तळ पाण्यापेक्षा खूप जास्त तापतो. पिशवी आत असताना खाली आच लावायची वेळ आलीच तर तळाशी मोदकपात्राची चाळणी उपडी घाला. मोठा जाळ लावायचा नाही.

जवाला टरफल असतं, ते वर्टला वाट करून देतं. गहू किंवा ओट्स जास्त घातले की चिकट लगदा होतो, तेव्हा मूठ-दोन मूठ धुतलेला भाताचा तूस मिसळावा. पिशवी उचलल्यावर टोपावरच लटकत ठेवा, मग जाड रबरी हातमोजे घालून पिळा. चोथा गुरांना घालता येतो, पण त्याच दिवशी, कारण दुसऱ्या दिवशी तो आंबतो.

पिशवी लगेच उलटी करून झटका आणि साध्या पाण्याने धुवा. सुगंधी पावडर नको, कापड मऊ करणारं द्रव्य तर नकोच, तो वास पुढच्या बिअरला लागतो. डाग पडले तर कोमट पाण्यात थोडा धुण्याचा सोडा चालतो. कॉस्टिक सोड्यात मात्र उकळू नका, त्याने पॉलिस्टर खरोखर झिजतं. सावलीत, दोन पदर सुटे ठेवून वाळवा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय कपाटात ठेवू नका. साड्यांच्या कपाटात तर अजिबात नको, तिथे डांबराच्या गोळ्या असतात.

उरलेल्या कापडाचा तळहाताएवढा तुकडा मी वहीत टाचणीने लावून ठेवलाय, शेजारी लिहिलंय: सेंमीला ३१ बाय २९, ५४ इंची, दोनदा उकळलं. भाच्याच्या मित्राला अशीच पिशवी हवी आहे. येत्या शुक्रवारी तो तुकडा घेऊनच म्हापशाला जाईन.